एक पाय गाडीच्या पायरीवर

चहा उकळेपर्यंत गॅससमोर उभं राहणं मला जमत नाही. तेवढ्यात मी दोन भांडी विसळते, फोन बघते, दुधाची पिशवी फोडते आणि चहा उतू जातो. आई म्हणायची, या पोरीच्या पायाला भिंगरी आहे. अशा बाईनं उशिरा येणाऱ्या गाड्यांच्या कामात पडावं याची घरी सगळ्यांनी टिंगल केली. मला मात्र वाटतं, निवांत माणसाला हे काम जमलंच नसतं. ज्याला स्वतःला थांबायचा वैताग येतो, त्यालाच दुसऱ्याचं ताटकळणं कळतं.

सांगली, मिरज आणि कुपवाडमध्ये फिरणाऱ्या शहर बसगाड्यांची माहिती गोळा करून त्यांचं वेळापत्रक सुधारायचं, हे आमच्या छोट्या कार्यालयाचं काम. प्रत्येक गाडीत एक यंत्र बसवलेलं असतं, ते गाडी कुठं आहे हे सतत कळवत राहतं. आमच्या भागात कंडक्टरला मास्तर म्हणतात. मास्तरच्या हातातलं तिकिटाचं यंत्र कुठून कुठवर किती तिकिटं काढली ते कळवतं. दोन्हींचा मेळ घालून गाड्या कुठं रिकाम्या धावतात आणि माणसं कुठं उन्हात उभी राहतात हे आम्ही शोधतो. पडद्यावर प्रत्येक गाडीचा एक ठिपका असतो. वेळेत असली तर हिरवा, रेंगाळली तर पिवळा, आणि थांबा नसलेल्या जागी उभी राहिली तर लाल.

या कामाचा मला अभिमान आहे, हे मी आधीच सांगून टाकते. मिरजेत दवाखान्यांच्या रस्त्यावर रोग्यांना भेटायची वेळ संपली की रिकामे डबे घेतलेली माणसं ताटकळत राहायची, आणि त्याच्या थोडं आधी दोन गाड्या मोकळ्या निघून गेलेल्या असायच्या. आम्ही आकडे मांडले, गाड्या पुढं ढकलल्या आणि रस्ता मोकळा झाला. पूर्वी गाडी कुठून जाणार हे ज्याचा आवाज मोठा त्याच्यावर ठरायचं. आकड्यांना निदान कुणाचा मेहुणा नसतो.

आण्णा, म्हणजे माझे वडील, हे सगळं ऐकून म्हणायचे, "म्हंजी उंटावरनं शेळ्या हाकताय म्हणा की."

असं म्हणायचा त्यांना हक्क होता. आमचं गाव माण तालुक्यात, दहिवडीपासून आत. पोरवयात त्यांनी खऱ्या शेळ्यामेंढ्या हाकल्या, पुढं मुंबईला जाऊन गोदीत ओझी उचलली. आई गेली, मग दोन वर्षांत त्यांच्या अंगावरून वारं गेलं. डावा हात लुळा पडला, डावा पाय ओढायला लागला, बोलणं तेवढं शाबूत राहिलं. नवरा नोकरीपायी पुण्यात, शनिवारी येतो. म्हणून मी आण्णांना सांगलीला माझ्याकडं आणलं. कुपवाड रस्त्याच्या आतल्या बाजूला आमची वसाहत आहे, तिथं दुसऱ्या मजल्यावर त्यांना चांगली खोली दिली, कॉट दिली, टीव्ही दिला. आणि दिवसभर मी त्यांना एकच शब्द ऐकवत राहिले. आण्णा, बसा. पाणी मी देते, तुमी बसा. दार मी उघडते, तुमी बसा. आयुष्यभर उभ्या राहिलेल्या माणसाला मी असं बसवून ठेवलं आणि त्याला सेवा म्हणत होते.

सकाळी तेवढे ते काठी घेऊन मारुतीला जाऊन येतो म्हणून बाहेर पडायचे. मारुतीचं देऊळ कोपऱ्यावरच होतं, त्यामुळं मला काळजी नव्हती.

नवीन नियम आला तेव्हाची गोष्ट. लाल ठिपक्यांची यादी दर आठवड्याला आगारात जायला लागली. ज्या ड्रायव्हरच्या नावावर एकाच जागी वारंवार लाल ठिपका दिसेल त्याला नोटीस, आणि तरी ऐकलं नाही तर त्या मार्गावरून बदली. पहिल्याच यादीत एक ठिपका रोज सकाळी, एकाच गाडीचा, एकाच जागी दिसत होता. जागा बघून मी खुर्चीत पुढं सरकले. आमच्या वसाहतीच्या तोंडाशी ओढा आहे, तिथली ती जागा. तिथं थांबा नव्हता, पण चहाची टपरी होती. मी साहेबांना सांगितलं, ड्रायव्हर चहा पीत असणार, दुसरं काय. साहेब हसले. पण माझ्या डोक्यात ते काही शांत बसेना. माझ्याच दारात गाडी रोज उभी राहते आणि मला ठाऊक नाही, हे कसं? त्या वेळी मी डबा, अंघोळ आणि इस्त्री यांच्या धांदलीत असायची म्हणा.

दुसऱ्या दिवशी सगळं अर्धवट टाकून स्कूटी काढली आणि टपरीच्या पलीकडं जाऊन उभी राहिले. गाडी आली, हळू झाली, आणि टपरीच्या बाकड्यावरून आण्णा उठले. काठी उजव्या काखेत धरली, दाराचा दांडा पकडला, आणि तो ओढत चालणारा डावा पाय सगळ्या अंगानं वर ओढून गाडीच्या पायरीवर ठेवला. दुसरा पाय रस्त्यावरच. ते वर चढले नाहीत आणि खालीही उतरले नाहीत.

"आलं, आलं, येत्यात!" ते ओरडले. "त्या बघा, फरशीवर आल्या."

"आण्णा, रोज असं करून कसं हुईल?" ड्रायव्हर म्हणाला. त्याच्या बोलण्यात राग नव्हता.

"आरं, पाय तर काढू दे मला. पाय मोडशील का म्हाताऱ्याचा?"

ओढ्याच्या फरशी पुलावरून आठदहा बायका पळत येत होत्या. ओढ्यापलीकडच्या वस्तीतल्या त्या. कुणी मिरजेच्या दवाखान्यात झाडलोट करणारी, कुणी मार्केट यार्डात हळद निवडणारी. धापा टाकत एकेक जण आण्णांच्या शेजारून वर चढली. शेवटची चढली तेव्हा आण्णांनी मागं वळून पूल नीट पाहून घेतला, मग उजव्या हातानं दांड्यावर भार देऊन पाय खाली घेतला. गाडी गेली.

गाडी धरणं हा आमच्याकडचा जुना रिवाज. दिवसातून दोनदा येणारी एसटी चुकली तर दिवस गेला. म्हणून घरातला जो कुणी आधी फाट्यावर पोचेल त्यानं एक पाय पायरीवर ठेवायचा आणि मागचे येईपर्यंत ड्रायव्हरशी बोलत राहायचं. मी साताऱ्याला कॉलेजला होते तेव्हा आण्णा रजेवर आले की माझी ट्रंक डोक्यावर घेऊन पुढं पळायचे आणि माझ्यासाठी अशीच गाडी धरायचे. मी मागून येताना लाजेनं मरायची. माणसाचा पाय पायरीवर असताना गाडी हाकायची नाही, एवढं प्रत्येक ड्रायव्हर पाळतो. शिव्या देतो, पण पाळतो.

मी स्कूटीजवळ तशीच उभी. आधी मला राग आला. आण्णा पडले असते तर? मला खोटं का सांगितलं? मग आण्णा वळले आणि त्यांची चाल दिसली. घरात भिंत धरून चालणारा माणूस रस्त्याच्या कडेनं मान वर करून चालत होता, कामावरून सुटल्यासारखा. मला रडू आलं. मी गुपचूप दुसऱ्या रस्त्यानं घरी गेले आणि ते आले तेव्हा मी चहा गाळत होते. नेहमीसारखा त्यांच्या हातात कप दिला.

पण यादी आगारात गेलीच होती, ती काही माझ्या रडण्यानं परत येणार नव्हती. पहिली नोटीस निघाली. दुसरी निघाली असती, मग तो ड्रायव्हर गेला असता आणि त्याच्या जागी कुणी तरी नवा आला असता. नवा माणूस पाय बघेल की नाही, याचा भरवसा नाही. मला झोपेत आण्णांचा पाय आणि चाक दिसायला लागलं. साहेबांना म्हटलं, तिथं थांबाच देऊ या, मग ठिपका लाल होणारच नाही.

साहेबांनी पडदा माझ्याकडं वळवला. "तिथून तिकीटच निघत नाही. कुणासाठी थांबा द्यायचा?"

आणि खरंच, त्या जागेवरून एकही तिकीट नव्हतं. मी डोळ्यांनी बायका चढताना पाहिल्या होत्या आणि आकडे म्हणत होते, तिथं कुणी नाही. मी दिवसभर भांडणाच्या तयारीनं येरझाऱ्या घातल्या, मग कारण लक्षात आलं. मास्तरच्या यंत्रात जो थांबाच नाही त्याच्या नावानं तिकीट निघणार कसं? तो मागच्या थांब्याचं नाव दाबायचा. म्हणजे ओढ्यावरच्या बायका आमच्या हिशेबात मागच्या चौकात चढत होत्या. मी तिकिटं निघाल्याच्या वेळा आणि गाडीची जागा शेजारी शेजारी मांडल्या. लाल ठिपका हलला की लगेच पाठोपाठ तिकिटं निघत होती, रोज. साहेबांनी दोन्ही रकाने बोटानं जुळवून बघितले आणि ते म्हणाले, "च्यायला."

थांबा मंजूर झाला. पण तेवढ्यानं भागणार नव्हतं, कारण थांबा असला तरी गाडी काही मिनिटं उभी राहणार नव्हती, आणि बायका तर रोजच उशिरा. त्या उशिरा का येतात, हे कुठल्या यंत्रात नव्हतं. एका सकाळी मी पुढच्या चौकात त्याच गाडीत बसले आणि शेजारच्या बाईला विचारलं.

"आवो बाई, नळाला पानी त्याच टायमाला येतं," ती म्हणाली. "पानी भरल्याबिगर घर सोडलं तर संध्याकाळी प्यायचं काय? घागरी भरायच्या आन् पळत सुटायचं. त्यो म्हातारा हाय म्हणून गाडी घावती. देवमाणूस. कुणाचा हाय कुणास ठावं."

माझा आहे, असं म्हणायला हवं होतं, पण मी विचारलं, नळ बंद किती वाजता होतो.

मग मी पाणीपुरवठ्याच्या कार्यालयात खेटे घातले. कोणत्या भागात किती वाजता पाणी सोडतात हे त्यांच्याकडं होतं, पण गाड्यांच्या वेळांशी ते लावून बघावं असं तोवर कुणाला सुचलं नव्हतं. पाण्याची वेळ हलवणं अवघड, एका टाकीवर चार वस्त्या. गाडीची वेळ हलवणं सोपं. पाणी बंद झालं की बाईला केस सारखे करून चालत थांब्यावर यायला जेवढा वेळ लागेल तेवढी गाडी आम्ही पुढं ढकलली. मग शहरभर असंच लावून बघितलं, आणि आणखी तीन मार्गांवर हेच दुखणं सापडलं. साहेबांनी सगळ्यांना पेढे वाटले. ओढ्याकाठी पत्र्याची शेड उभी राहिली, बाक आला, पाटी आली. नोटीस रद्द झाली आणि ड्रायव्हर जिथल्या तिथं राहिला. ठिपका हिरवा झाला.

माझ्या आयुष्यात मी एवढं चांगलं काम दुसरं केलेलं नाही. तरी त्या संध्याकाळी घराचा जिना मी एकेक पायरी करत चढले.

आण्णा कॉटवर बसले होते. टीव्ही बंद. "मास्तर म्हनला, आता पाय ठिवू नगा, वरनं सगळं दिसतंय. मी म्हनलं, वर कोन बसलंय? तर म्हनं आगारात कळलं, तुमचीच लेक." ते माझ्याकडं बघून हसले. "तूच व्हय गं ती वर बसल्याली?"

"व्हय आण्णा."

"मग म्हाईत हुतं तुला."

"हुतं."

त्यांनी मान हलवली. "ब्येस केलंस. त्या पोरी लय पळायच्या. एक तर पोटुशी हाय, रोज वाटायचं आता पडती." मग म्हणाले, "येळंवर गाडी असली की कुनाची गरज लागत न्हाई. चांगलं हाय."

ते मनापासून बोलले, यात शंका नाही. तरी दुसऱ्या दिवशी सकाळी ते अंघोळ करून, टोपी घालून निघालेच. मीही मागून गेले, लपतछपत. शेडमध्ये बायका बाकावर बसल्या होत्या, गप्पा मारत होत्या. एकीनं केसात फूल माळलं होतं. आण्णा बाजूला काठी टेकवून उभे राहिले. गाडी आली, थांबली, बायका चढल्या, दार मिटलं. आण्णांनी पाय उचलला होता की काय, मला नक्की सांगता येत नाही. खिडकीतून एका बाईनं वाकून अगदी मायेनं सांगितलं, "आण्णा, आता कशाला तरास घेताय? बसा घरी निवांत."

त्या दिवसापासून ते घरी बसले.

सकाळची अंघोळ दुपारवर गेली. टोपी खुंटीला राहिली. व्यायाम शिकवायला आठवड्यातून एकदा एक बाई यायच्या, त्या म्हणाल्या, मधे पाय छान सुटला होता, आता पुन्हा आखडायला लागलाय, काय बदललं? मी आण्णांना कामं शोधून द्यायला लागले. आण्णा, तांदूळ निवडून द्या. आण्णा, खालून पेपर आणा. दोन दिवस त्यांनी केलं, तिसऱ्या दिवशी तांदळाचं ताट बाजूला सरकवून म्हणाले, "मला उगं कामाला लावू नगंस. खोटं काम कळतं मानसाला."

मी चिडले. कुणावर, ते कळत नव्हतं. कार्यालयात बसून हिरव्या ठिपक्यांकडं बघत राहायची. रोज सकाळी मी तीच गाडी शोधायची. ती हिरवी असायची आणि माझ्या मनात यायचं, आज हो की लाल. एक दिवस हो. ज्या कामाचा मी पगार घेते, त्याच्या बरोबर उलटी इच्छा मनात धरून बसायची. पण उशीर झाला तर ती पोटुशी बाई पळणार, हेही दिसायचं. मग पाणी प्यायला उठायची, पुन्हा बसायची. शेजारच्या टेबलावरची मुलगी म्हणाली, मॅडम, तुमच्यामुळं मला चक्कर येते.

आण्णांनी एक सवय मात्र सोडली नव्हती. गाडीच्या वेळेला त्यांची मान खिडकीकडं वळायची. खिडकीतून ओढा दिसत नाही, समोरच्या इमारतीची पाठ दिसते, कपडे वाळत घातलेली. तरी वळायची.

परवा मी ताप अंगात घेऊन घरीच होते. कपाळावर ओला रुमाल, मांडीवर फोन, फोनवर ठिपके. आण्णांची मान वळली आणि त्यांनी विचारलं, "आली का गं?"

मी फोन बघितला. "आली आण्णा. थांबली. निघाली. वेळेत हाय."

"समद्या बसल्या?"

"नऊ तिकिटं निघाली."

"तसं न्हवं." ते म्हणाले. "कुनी मागं ऱ्हायली न्हाई न्हवं?"

मी बोटानं नकाशा मोठा केला, लहान केला. हिरवा ठिपका पुढच्या चौकाकडं सरकत होता. नऊ जणी चढल्या हे माझ्याकडं होतं. दहावी फरशीवर धापा टाकत उभी असेल तर तिचं तिकीट निघालेलं नाही. ज्याचं तिकीट नाही ते माणूस आमच्याकडं नसतंच. एवढी वर्षं मी गाडीत चढलेल्यांची गणती करत होते आणि गाडी चुकलेल्यांची एकही ओळ माझ्याजवळ नव्हती. तापानं आधीच अंग जळत होतं, त्यात ही एक नवी आग.

"आण्णा, मला न्हाई सांगता येत," मी म्हटलं. "आमाला ते दिसत न्हाई."

"दिसत न्हाई?"

"न्हाई."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. टिंगल नव्हती त्यात, उंटाचा विषयसुद्धा काढला नाही त्यांनी. मग उजव्या हातानं डावा पाय कॉटवरून खाली सोडला, काठी ओढली, खुंटीवरची टोपी घेतली. मी सवयीनं उठायला लागले, तर त्यांनी हातानंच मला खाली बसवलं.

"तू पड," चपलेत पाय घालत ते म्हणाले. "मी बघून येतो."